मांडीतले छर्रे आणि तलावातील बदके

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या कन्हानच्या दवाखान्यात एक आजोबा आले. वय ७९. सोबत सून आणि महाविद्यालयात शिकणारा नातू. आजोबांचा उजवा गुडघा दुखत होता, म्हणून एक्स-रे काढला होता. गुडघ्याची झीज वयाला साजेशीच होती. मात्र मांडीच्या खालच्या भागात पांढरे शुभ्र ठिपके दिसत होते. मोजले, तर अकरा भरले.

"डॉक्टरसाहेब, हे पोट्टं म्हणते माह्या मांडीत जहर हाये. कापून काढा म्हणते," आजोबा हसत म्हणाले. नातू मात्र हसत नव्हता. त्याने मोबाइलवर वाचले होते, की छर्रे शिशाचे असतात आणि शिसे हे विष आहे. सुनेच्या चेहऱ्यावर काळजी होती. या वयात शस्त्रक्रिया करायची, की विष तसेच राहू द्यायचे?

आजोबा मूळचे भंडाऱ्याकडचे, मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबातले. ऐन तारुण्यात, साठ वर्षांपूर्वी, गावच्या मालगुजारी तलावावर हिवाळ्यात शिकारी येत. पडलेली बदके पाण्यात शिरून उचलून आणण्याचे काम गावातल्या पोरांना मिळे. एका पहाटे उडत्या थव्यावर नेम धरलेली बंदूक जरा खाली झुकली आणि काही छर्रे या पोराच्या मांडीत शिरले. हळद भरली, फडके बांधले, जखम बरी झाली. आजोबा ती गोष्ट विसरूनही गेले.

वाचकहो, नातवाची भीती निराधार नव्हती. शिसे विषारीच आहे. परंतु त्याने विचारलेला प्रश्न अपुरा होता. शरीरातील धातूविषयी नेहमी दोन प्रश्न विचारावे लागतात. तो धातू कोणता? आणि तो शरीरात कुठे बसला आहे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वैद्यकशास्त्राला पुष्कळ अंशी त्या बदकांनीच दिली आहेत, ज्यांच्यावर ते छर्रे झाडले गेले होते.

पोटातील जाते

पक्ष्यांना दात नसतात. त्यांच्या जठराचा मागचा भाग जाड स्नायूंचा असतो. त्याला पेषणी म्हणतात. कोंबडीच्या कलेजीसोबत जो टणक, मांसल पेटा मिळतो, तीच ही पेषणी. धान्य दळण्यासाठी पक्षी बारीक खडे गिळतात आणि पेषणी त्या खड्यांच्या साह्याने जात्यासारखी चालते.

आता तलावाचा विचार करावा. बंदुकीच्या एका काडतुसात सुमारे ३० ग्रॅम वजनाचे शेकडो बारीक छर्रे असतात. पक्ष्याला त्यांतले दोन-चार लागतात. उरलेले सारे पाण्यात पडतात आणि चिखलात जाऊन बसतात. भरतपूरच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. त्या दिवशी किती शिसे पाण्यात पडले असेल, याची कल्पना आपणच करावी.

शिसे चिखलात लवकर विरघळत नाही, ते तसेच पडून राहते. चिखल चाळून खाणाऱ्या तलवार बदकासारख्या पक्ष्याला तो गोल, गुळगुळीत छर्रा बियाणे वाटतो किंवा दळणाचा खडा वाटतो. पक्षी तो गिळतो. पेषणीत खड्यांची घासणी आणि जठरातील तीव्र आम्ल, दोन्ही एकाच वेळी त्या छर्ऱ्यावर काम करतात. छर्रा झिजतो, शिशाचे क्षार तयार होतात आणि रक्तात शिरतात.

पुढे जे घडते ते कोणाही डॉक्टरला ओळखीचे वाटेल. अन्नमार्गाची हालचाल मंदावते. पेषणीच्या वर अन्न तुंबून राहते आणि पक्षी भरल्या पोटी उपाशी मरू लागतो. विष्ठा हिरवट होते, रक्त कमी होते, छातीचे हाड वर येते. पंखांचे स्नायू लुळे पडतात आणि पंख उतरत्या छपरासारखे अंगावर लोंबतात. उडता न येणारे बदक गवतात लपते. दोन-तीन आठवड्यांत मरते किंवा त्याआधीच कोल्हा-घारींच्या तोंडी पडते. म्हणूनच हा आजार माणसाच्या नजरेस फारसा आला नाही. थवा कमी झाला एवढेच दिसे, प्रेते दिसत नसत.

अमेरिकेत अलेक्झांडर वेटमोर यांनी १९१९ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिसे-विषबाधेवर सविस्तर अहवाल लिहिला. १९५९ मध्ये फ्रँक बेलरोज यांनी अंदाज मांडला, की उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दरवर्षी गिळलेल्या छर्ऱ्यांमुळे मरतात. हे पक्षी बंदुकीतून सुटलेले होते. मागे पडून राहिलेल्या धातूने त्यांना मारले.

धातू बदलला, निकाल बदलला

तेव्हा प्रश्न आला, की शिशाऐवजी दुसरे काय वापरावे? यासाठी शास्त्रज्ञांनी पाळीव मॅलार्ड बदकांना वेगवेगळ्या धातूंचे छर्रे मोजून खाऊ घातले आणि आठवडे, काही प्रयोगांत महिने, त्यांचे वजन, रक्त, यकृत, मूत्रपिंड आणि अंडी तपासली.

निष्कर्ष डोळे उघडणारे होते. मऊ पोलादाचे छर्रे, म्हणजे मूलतः लोखंडच, पेषणीत झिजले. पण बदके सुखरूप राहिली. बिस्मथ हा शिशाइतकाच जड भासणारा धातू; त्यात थोडे कथील मिसळून केलेल्या छर्ऱ्यांनीही बदकांना अपाय झाला नाही. टंगस्टन आणि लोखंड यांच्या मिश्रणाचे तसेच टंगस्टन आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाचे छर्रे पोटात घेऊनही बदके जगली. जस्ताचा अनुभव मात्र निराळा आला. आहारात अल्प प्रमाणात जस्त आवश्यक असते, म्हणून ते निरुपद्रवी असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात जस्ताचे छर्रे गिळलेल्या बदकांचे वजन घटले, पाय लुळे पडले आणि त्यांतली काही मेली.

'औषधात असते, म्हणजे चांगलेच' हा समज किती फसवा आहे, हे यावरून लक्षात यावे. प्रत्येक धातूची आणि प्रत्येक मिश्रणाची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. टंगस्टनचेच उदाहरण घ्या. बदकांच्या पोटात निर्धोक ठरलेला हा धातू निकेल आणि कोबाल्ट यांच्याशी मिसळून उंदरांच्या स्नायूत रोवला, तेव्हा तिथे कर्करोगाच्या गाठी झाल्या. मिश्रण बदलले, जागा बदलली, आणि निकालही बदलला.

या ज्ञानाचा उपयोग झाला. अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले. डेन्मार्कने १९९६ मध्ये ते पूर्णपणे बंद केले. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी ते वापरता येत नाहीत. ब्रिटनने १९८७ मध्ये मासेमारीच्या गळांना लावायच्या शिशाच्या लहान वजनांवर बंदी घातली, कारण थेम्स नदीतले हंस ती गिळून मरत होते. बंदीनंतर तेथे हंसांची संख्या पुन्हा वाढली.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन होणारी उरलीसुरली शिकारही थांबली. त्यामुळे हिवाळ्यात विदर्भाच्या तलावांवर उतरणारे चक्रवाक, तलवार बदक आणि पट्टकदंब आज बंदुकीपासून कायद्याने सुरक्षित आहेत. बंदूक गेली, तरी शिसे मात्र गेलेले नाही. ते जाळ्याच्या काठाला आहे, जुन्या बॅटरीत आहे, जुन्या रंगात आहे.

मांडीत, सांध्यात आणि पोटात

आता आजोबांकडे वळू. बदकांचा दुसरा धडा इथे उपयोगी पडतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्याला येणाऱ्या ब्युइक हंसांचे एक्स-रे काढले, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश जिवंत हंसांच्या अंगात छर्रे सापडले. हे हंस हजारो किलोमीटर उडत होते. पेषणीत गेलेला एखाददुसरा छर्रा जीव घेऊ शकतो. स्नायूत रुतलेला छर्रा घेऊन पक्षी वर्षानुवर्षे जगू शकतो.

कारण साधे आहे. स्नायूत आम्लही नाही आणि जातेही नाही. शरीर त्या परक्या कणाभोवती चिवट तंतूंचे वेष्टन विणते आणि त्याला बंदिस्त करते. माणसाच्या बाबतीतही बहुधा हेच घडते. म्हणून स्नायूतील जुने छर्रे शोधून काढण्यासाठी मांडी फाडणे फायद्यापेक्षा तोट्याचे ठरते.

अपवाद मात्र ठळक आहेत. सांध्याच्या पोकळीतील द्रवात शिसे विरघळते आणि सांधा हलताना घासणीही होते. म्हणजे तिथे पेषणीसारखीच स्थिती. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांध्यात अडकलेली गोळी वर्षानुवर्षांनी विषबाधा करू शकते. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या द्रवाशी संपर्क असलेले शिसेही धोक्याचे. तसेच गिळलेला छर्रा बाहेर न पडता आतड्यात रेंगाळला, तर तोही. अशा वेळी शल्यचिकित्सकांचा सल्ला तातडीने घ्यावा.

आणखी एक गोष्ट. आमच्या शेजारी कामठी ही जुनी छावणी. तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे आणि परिसरात निवृत्त सैनिकांची कुटुंबे आहेत. ज्यांच्या अंगात गोळीचे किंवा स्फोटाचे तुकडे आहेत, त्यांनी एमआरआय तपासणीपूर्वी ते आवर्जून सांगावे. शिसे चुंबकाला दाद देत नाही, पोलाद देते. एमआरआय यंत्राच्या प्रबळ चुंबकाने पोलादाचा तुकडा जागचा हलू शकतो. पन्नास वर्षांपूर्वीची जखम आजोबा विसरतील. काळजी घेणाऱ्याने विसरू नये.

आमच्या आजोबांचा एक छर्रा गुडघ्याच्या अगदी जवळ दिसत होता. म्हणून बाजूने दुसरा एक्स-रे आणि नंतर सीटी स्कॅन केले. तो सांध्याच्या बाहेर होता. अस्थिरोगतज्ज्ञांचेही मत पडले, की काहीही काढू नये. नातवाच्या समाधानासाठी आणि माझ्याही, शिरेतून रक्त घेऊन शिशाचे प्रमाण तपासायला नागपूरला पाठवले.

अहवाल आला, प्रति डेसिलिटर २१ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना ५ च्या वर प्रमाण गेले, की स्रोत शोधायला सांगते. वेष्टनात बंद असलेले अकरा छर्रे एवढी पातळी गाठतील, हे मला पटेना. मग मी तो प्रश्न विचारला जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: "आजोबा, तुम्ही दिवसभर करता काय?"

अंगणातील चूल

आजोबा जाळी विणत. फेकजाळ्याच्या काठाला वजनासाठी शिशाचे मणी ओवावे लागतात. नातू भंगारातून जुन्या गाडीच्या बॅटऱ्या आणून देई. त्या फोडून, आतले शिसे लोखंडी पळीत चुलीवर वितळवून आजोबा मणी ओतत. मणी दोरीवर घट्ट बसवण्यासाठी ते दाताने दाबत. त्याच हाताने तंबाखू मळत. वितळलेल्या शिशावर येणारी राखाडी मळी अंगणात टाकली जाई. तिथेच धाकटी पणती खेळत असे.

ज्या विषाला नातू मांडीत शोधत होता, ते तो स्वतः थैलीत भरून घरी आणत होता. त्याला हे सांगताना मला जड गेले. पण त्याने ऐकून घेतले. मांडीतले शिसे साठ वर्षे कैदेत होते. तोंडातून आणि श्वासातून जाणारे शिसे मात्र बदकाच्या वाटेने चालले होते.

पणतीचे रक्तही तपासले. ते ९ आले. मोठ्या माणसाच्या आतड्यातून पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग शोषला जातो; लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि मुलांसाठी शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानली जात नाही. त्या दिवसापासून अंगणातील ती चूल बंद झाली.

हाडांतील जुनी ठेव

ज्येष्ठ वाचकांसाठी याहून महत्त्वाची बाब पुढे आहे. शिसे रक्तात साधारण महिनाभर टिकते. नंतर त्यातले बरेचसे हाडांत जाते, कारण शरीर त्याला कॅल्शियमसारखे समजते. हाडांत ते दहा-वीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ मुक्काम करते. आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र मिळू लागले ते फेब्रुवारी २००० पासून. घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे आज सत्तरीत असलेल्या प्रत्येकाने आयुष्याचा मोठा भाग शिशाच्या सहवासात काढला आहे.

वयोमानाने हाडे विरळ होतात. स्त्रियांत पाळी थांबल्यानंतर ही गती वाढते. हाड मोडून अंथरुणाला खिळणे, थायरॉइड ग्रंथी अतिकार्यक्षम होणे, अशा अवस्थांतही हाडांची झीज होते आणि जुनी ठेव पुन्हा रक्तात उतरू लागते.

लक्षणे फसवी असतात. बद्धकोष्ठ, पोटात कळा, थकवा, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, विसरभोळेपणा, चिडचिड, हातापायांत मुंग्या, मूत्रपिंडाची मंदावलेली गती. बदकाचे पंख लोंबतात, तसे तीव्र विषबाधेत माणसाचे मनगट लुळे पडून हात खाली लोंबतो. यातले बहुतेक आपण 'वय झाले' म्हणून सोडून देतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु शिशाशी संबंध आला असल्यास डॉक्टरांना सांगावे, म्हणजे एका साध्या रक्ततपासणीने शंका फिटते.

घरात काय पाहावे

• जाळ्याचे आणि गळाचे शिशाचे मणी घरी ओतू नयेत, दाताने दाबू नयेत. बॅटरी घरी फोडू नये. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्यावी.

• एअरगनचे छर्रे बहुधा शिशाचेच असतात. ते तोंडात धरू नयेत. मुलाने गिळल्यास 'पडून जाईल' म्हणून थांबू नये, एक्स-रे काढावा.

• पितळी भांड्याला कल्हई शुद्ध कथलाचीच हवी. स्वस्तात शिसे मिसळलेली नको. कल्हई उडालेल्या भांड्यात चिंच, ताक, आमटी ठेवू नये. इथेही प्रश्न तोच: धातू कोणता आणि आम्ल कुठे? लोखंडी कढई मात्र निर्धास्त वापरावी.

• शेंदूर हा परंपरेने शिशाचाच क्षार. देवाला लावल्यावर हात साबणाने धुवावेत, बोट तोंडात जाऊ देऊ नये. सुरमाही जपून.

• हळकुंड फारच झळझळीत पिवळे दिसले, तर घेऊ नये. चकाकीसाठी शिशाचा पिवळा रंग चोळण्याची भेसळ बांगलादेशात उघडकीस आली होती.

• नागभस्म म्हणजे शिशाचे भस्म. कोणतीही धातुभस्मे नोंदणीकृत वैद्यांशिवाय घेऊ नयेत आणि घेत असल्यास आपल्या डॉक्टरांपासून लपवू नयेत.

• आहारात कॅल्शियम आणि लोह पुरेसे असावे: दूध, ताक, नाचणी, पालेभाज्या, सोबत लिंबू किंवा आवळा. यांची उणीव असेल तर शिसे अधिक शोषले जाते.

• शिसे 'काढून टाकणारी' औषधे स्वतः विकत घेऊ नयेत. ती फार वरच्या पातळीला, साधारण ४५ मायक्रोग्रॅमच्या पुढे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली विचारात घेतात. त्याखाली खरा उपचार एकच, स्रोत थांबवणे.

आजोबांच्या बाबतीत तेवढेच केले. अंगणातील वरची माती काढून टाकली, फरशी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसायला सांगितले, तंबाखूपूर्वी आणि जेवणापूर्वी साबणाने हात. तंबाखू सुटली नाही, हे कबूल करतो. चार महिन्यांनी पातळी १३ वर आली, पणतीची ५ वर. हाडांतील ठेव हळूहळूच उतरणार, त्यामुळे तपासणी चालू राहील. गुडघ्यासाठी व्यायाम आणि काठी दिली. छर्रे जिथे आहेत तिथेच आहेत.

मागच्या भेटीत मी विचारले, आता जाळ्याला काय लावता? आजोबा म्हणाले, "माहा बाप भाजलेल्या मातीचे मणी लावत होता. तेच करतो आता. जाळं थोडं हळू बुडते, पण बुडते." नातवाने भट्टी लावून दिली होती. मणी पाण्यात सुटून पडला, तरी चिखलात बियाणे शोधणाऱ्या बदकाच्या पोटी मातीच जाईल.

आपल्या घरातील ज्येष्ठांच्या अंगात जुनी गोळी, छर्रा किंवा धातूचा तुकडा असल्यास त्याची नोंद औषधांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर करून ठेवावी: कोणता धातू, कोणत्या जागी, केव्हापासून. आणि मग त्यांना शांतपणे विचारावे, की ते दिवसभर काय करतात.